आषाढात येऊ नका, वैशाखात या!

आमच्या शहापूर-मुरबाडकडे पावसाळी सहलीला येणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, की त्यांनी येऊ नये. निदान आषाढ-श्रावणात तरी येऊ नये. दिवाळीचा अंक हातात, फराळाचे ताट पुढ्यात, आणि अशा वेळी यजमानानेच पाहुण्यांना ‘येऊ नका’ म्हणावे, हे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला कळते. पण पुढच्या वर्षीच्या सहलींचे बेत याच चार दिवसांत, चकल्या खाता खाता ठरत असतात. जून उजाडला, रिसॉर्टवाल्याकडे आगाऊ रक्कम पोचती झाली, की मग माझे ऐकायला कोण बसले आहे? म्हणून आत्ताच बोलतो. आणि गैरसमज नको म्हणून पुढचेही लगेच सांगून टाकतो: हे मी आमंत्रणच देतो आहे. फक्त ते वैशाखाचे आहे.

वैशाख म्हटल्याबरोबर घरोघरच्या वहिनींच्या कपाळाला आठी पडली असेल. ‘अहो, त्या रणरणत्या उन्हात पोरांना घेऊन कुठे हिंडायचे?’ उन्हाचे मी शेवटी पाहतो. आधी पावसाचे पाहू.

आषाढातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी नाशिक रस्त्याच्या कडेला उभे राहावे. मोटारींची माळ लागलेली असते. काचा वर, आत थंड हवा, गाणी मोठ्याने, आणि मागच्या बाकावरची मुले मोबाईलमध्ये मान घालून बसलेली. ही मंडळी निसर्ग पाहायला निघालेली असतात. कसाऱ्याजवळ विहीगावला एक देखणा धबधबा आहे. त्याला आता लोक ‘अशोका धबधबा’ म्हणतात. मौर्यांचा अशोक इथे कधी स्नानाला उतरला होता म्हणून नव्हे. २००१ साली निघालेल्या ‘अशोका’ नावाच्या हिंदी चित्रपटातल्या एका गाण्याचे चित्रण इथे झाले म्हणून! गावचा ओढा गावाचाच, पण त्याचे बारसे एका गाण्याने केले आणि पाहुण्यांनी घुगऱ्या खाल्ल्या.

नाणेघाटातही तोच प्रकार. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून चढून गेले, की घाटमाथ्यावर वारा असा उसळतो की कड्यावरून खाली पडणारे पाणी तो पुन्हा वर भिरकावतो. या ‘उलट्या धबधब्या’ची चित्रे मोबाईलवरून गावोगाव फिरली आणि पावसाळी रविवारी तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. आता त्याच घाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. राणी नागनिकेच्या नावाने तो ओळखला जातो. कोणकोणते यज्ञ केले, गाई किती दिल्या, हत्ती-घोडे किती, नाणी किती, याचा सगळा हिशेब दगडात कोरून ठेवला आहे. आणि त्यातली अंकचिन्हे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी मानली जातात. तिथल्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची पावले काय ती उरली आहेत. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नर-पैठणला जाई तो याच वाटेने; ‘जकातीचा रांजण’ म्हणून लोक दाखवतात तो दगडी रांजण अजून जागेवर आहे. पण पोराला गणिताच्या शिकवणीला महिन्याकाठी हजारो रुपये मोजणारा बाप त्या दोन हजार वर्षांच्या आकड्यांकडे पाठ करून उभा राहतो, कारण फोटोला उजेड समोरून हवा असतो!

धोक्याचे दोन शब्द. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जाण्यास मनाई करणारे जिल्हाधिकाऱ्यांचे हुकूम निघतात, आणि ते मोडण्यातच निम्मी मजा आहे असे समजणारे लोक असतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. लोणावळा आमच्या तालुक्यात येत नाही, पण डोंगर तोच आणि ओढ्यांचा स्वभावही तोच. वर माथ्यावर सर कोसळते तेव्हा खाली ऊनही पडलेले असू शकते. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा येऊ लागला, की आमच्याकडचा दहा वर्षांचा गुराखी मुकाट्याने गुरे काठावर घेतो. पाहुण्यांना हे कोण सांगणार? सांगणारा त्या वेळी खाचरात वाकलेला असतो. आषाढ हा आमच्या आवणीचा महिना. भाताची रोपे उपटायची, चिखलणी करायची, पाऊस आहे तोवर लावून मोकळे व्हायचे. घरात म्हातारे माणूससुद्धा रिकामे सापडत नाही. आणि नेमका त्याच वेळी बांधाला टेकवून कोणीतरी मोटार उभी करतो आणि बांध खचला की ‘सॉरी हां काका’ म्हणतो.

एवढे करून दिसते काय? खरे सांगतो, काहीही दिसत नाही. माळशेज घाटात आषाढात गेलेल्या माणसाने डोंगर पाहिला असे तो म्हणत असेल तर त्याने धुके पाहिले. मला धुक्याचा राग नाही; ते सुंदर असते. पण धुके मुंबईच्या खिडकीतूनही दिसते. आमच्या माहुलीच्या गडाला नवरा, नवरी आणि भटजी नावाचे सुळके आहेत. त्या तिघांचे लग्न पावसाळाभर धुक्याच्या अंतरपाटाआड चाललेले असते. ना नवरा दिसतो ना नवरी. वऱ्हाडी मात्र खाली आसनगावापासून भिजत उभे!

वैशाखात हा अंतरपाट दूर होतो. पहाटे सहाच्या सुमाराला टोकावड्याच्या पुढे रस्त्यावर उभे राहून पूर्वेला पाहा. (दुपारी पाहू नका, दुपारी हवा धुळकट असते, हे कबूल करतो.) सह्याद्रीची अख्खी भिंत उघडी पडलेली असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, पुन्हा त्यावर आला, पुन्हा थिजला. ते थर आडव्या रेघांसारखे मोजता येतात. पोळ्यांची चवड ठेवावी तसे. मऊ थर झिजून त्याचा उतार झाला, कठीण थराचा कडा राहिला. त्या उतारावर झाडी आणि कड्यावर काही नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आमच्या मुरबाडच्या बाजूने पाहायचा असतो, कारण वर उभे राहिलेल्याला तो आपल्या पायाखाली असल्यामुळे दिसत नाही. तो आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाने फणा काढावा तसा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकातली चार पाने पाठ करून जे कळत नाही ते त्या भिंतीसमोर दहा मिनिटांत पोराला कळते.

आणि रंग म्हणाल तर हिरवा हा एकच रंग आहे अशी शहरातल्या माणसाची समजूत कोणी करून दिली कोण जाणे! वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला असतो. करवंदाच्या जाळीत हात घातला की काळेभोर करवंद आणि एक ओरखडा, दोन्ही मिळतात. जांभळे पिकतात. महिना सरता सरता वळीव पडून गेला, की काळोख्या रात्री झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. आणि पावसाची चाहूल घेऊन नवरंग येतो आणि झुडपात बसून दोन सुरांची शीळ घालतो.

पण मी तुम्हाला वैशाखात बोलावतो आहे ते करवंदांसाठी नव्हे. विहीर पाहायला बोलावतो आहे.

मुंबईला रोज पावणेचारशे कोटी लिटरांहून जास्त पाणी लागते. त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणाचे. भातसा शहापूर तालुक्यात. १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव शहापूर तालुक्यात. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ सालचा, तोही याच मुलखातला. दादरच्या, पार्ल्याच्या, मुलुंडच्या ज्या घरात हा अंक उघडलेला असेल त्या घरच्या चहात आमच्या डोंगराचे पाणी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाणी देणे हे पुण्याचे काम आहे. पण त्याच तालुक्यातल्या पाड्यापाड्यावर फाल्गुन-चैत्रापासून विहिरी तळ दाखवू लागतात आणि दर उन्हाळ्यात टँकर सुरू होतात, ही गोष्ट मुंबईच्या किती मुलांना ठाऊक आहे? किती आयांना ठाऊक आहे?

याचे कारण काही गूढ नाही. पाऊस इथे दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, पण तो पडतो काळ्या कातळावर. कातळात पाणी धरून ठेवायला जागा थोडी; चार महिन्यांत आले तसे ओढ्याने निघून जाते. ते जिथे साठते ती धरणे दरीच्या तळाशी आहेत आणि पाडे आहेत वर, डोंगराच्या खांद्यावर. धरणाचे पाणी खाली मुंबईला जाते. वरच्या पाड्यावर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, आणि मुख्य म्हणजे कोणाला तरी तशी इच्छा हवी. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचे पाणी उताराने आमच्याकडे आणायचे, ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. कागदावर ते पाणी फार चांगले वाहते.

दोन वर्षांपूर्वी माझा एक मावसभाऊ डोंबिवलीहून सहकुटुंब आला होता. मेचाच महिना, पण मुक्काम माझ्या घरी नव्हता. घरी पंखा आहे, तलाव नाही. डोळखांबच्या बाजूला एका रिसॉर्टवर तो उतरला होता. त्यांच्याबरोबर मोटारीतून मीही निघालो. वाटेत डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या सात-आठ बाया रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या, त्यांच्यामागे त्याच्या मुलीच्याच वयाची एक पोर कळशी घेऊन. मुलीने विचारले, ‘बाबा, त्या कुठे चालल्यात?’ मावसभाऊ माणूस वाईट नाही. गाडी चालवता चालवता सहज म्हणाला, ‘अगं, गावाकडे अशीच पद्धत असते.’

पद्धत! लग्नात हळद लावायची पद्धत असते. उन्हात तीन-तीन फेऱ्या मारून गाळ निवळू देऊन पाणी भरणे ही पद्धत नव्हे. मी तिथल्या तिथे गाडी थांबवायला लावली आणि मुलीला घेऊन विहिरीवर गेलो. विहिरीत एक बाई उतरली होती आणि वाटीने हंड्यात पाणी भरत होती. मुलगी बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिने विचारले, ‘काका, हिला दुसरी वाटी मोठी नाही का मिळाली?’ वरच्या बायकांतली एक म्हातारी हसली आणि म्हणाली, ‘बाय, वाटी मोठी असून काय करायची, झरा बारीक आहे.’ संध्याकाळी त्या रिसॉर्टवर ‘रेन डान्स’ होता. पत्र्याच्या मांडवाला भोके पाडलेले नळ लावले होते, बोअरचे पाणी वरून पडत होते आणि खाली मंडळी नाचत होती. आकाशातला पाऊस संपला म्हणून नळाचा! मुलगी नाचायला गेली नाही. मावसभावाच्या बायकोने माझ्याकडे असे पाहिले, की मीच सहल नासवली.

ठीक आहे, नासवली. अशा आणखी शंभर सहली नासवायची माझी तयारी आहे.

आता रिसॉर्टवाल्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे, आणि ते सगळेच खोटे नाही. ते म्हणतात, आमच्यामुळे गावच्या पोरांना काम मिळते. मिळते. माळीकाम मिळते, भांडी घासायचे मिळते, फाटकावर सलाम ठोकायचे मिळते. ज्या जमिनीच्या कडेला तो आता गवत कापतो ती कालपर्यंत त्याच्या बापाची होती, हे मात्र कोणी सांगत नाही. ते म्हणतात, आम्ही रोख पैसा आणतो. आणतात; पण पनीर कल्याणहून येते, आचारी बाहेरून येतो, आणि शेजारच्या पाड्यावरची शेवळी, कुर्डू, भारंगी, कंटोळी ताटात औषधालासुद्धा नसतात. माझे म्हणणे इतकेच आहे: जिथे उन्हाळ्यात टँकर लागतो तिथे खेळण्यासाठी पाणी उपसण्यावर बंदी हवी. पोहायचे तलाव भाद्रपदात खुशाल भरा. चैत्र-वैशाखात ते कोरडे ठेवा. हे ग्रामपंचायतींनी ठरवायचे, आणि त्या ठरवत नसतील तर गिऱ्हाइकांनी ठरवायचे. तुम्ही खोली ठरवताना ‘स्विमिंग पूल आहे का?’ असे विचारता. त्याच दमात ‘तुमच्या शेजारच्या पाड्याला पाणी आहे का?’ असे एकदा विचारून पाहा. पन्नास गिऱ्हाइकांनी विचारले की एकावन्नाव्याच्या आधी मालक टाकीचा एक नळ कुंपणाबाहेर काढून देतो की नाही, ते पाहा!

वैशाखात आलात तर आणखी एक गोष्ट दिसेल, म्हणजे दिसणार नाही. काही कातकरी वाड्या रिकाम्या असतील. तुम्ही हे वाचत आहात त्याच सुमाराला, दिवाळी झाली की, कातकरी कुटुंबे बोचकी बांधून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बरोबर पोरे जातात, म्हणजे शाळा सुटते. कुडाच्या दारांना काटेरी फांदी आडवी लावलेली, अंगणात एखादे कुत्रे. शहरात तुमच्या नव्या घराच्या भिंती ज्या विटांच्या आहेत त्यांचा हा माहेरचा पत्ता समजा.

आता वन्य प्राण्यांचे. ‘तुमच्याकडे वाघ आहे का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की ‘नाही’ म्हणताना मलाच ओशाळे वाटू लागले आहे. वाघ नाही. पण तानसा अभयारण्यात रानपिंगळा आहे. हा वीतभर लांबीचा घुबडाच्या जातीचा पक्षी शंभराहून अधिक वर्षे कोणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असे समजून चालले होते. १९९७ साली तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ साली आमच्या तानशाच्या सागवानात. मुरबाडच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्याच्या रानात शेकरू आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि तो आपल्याच राज्यातल्या बहुतेकांनी फक्त चित्रात पाहिलेला. भेकर आहे. आणि बिबट्या तर आहेच.

बिबट्याची एक हकीकत सांगतो, कारण तिच्यात आमच्या दोन्ही बाजूंचे पाहुणे येतात. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. विद्या अत्रेय या शास्त्रज्ञ त्याच्या हालचाली टिपत होत्या. त्यांनी त्याला नाव दिले ‘आजोबा’. हे आजोबा साधारण पंचवीस दिवसांत सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत त्यांनी कसाऱ्याकडे रेल्वे ओलांडली, आग्रा रस्ता ओलांडला, वस्त्यांच्या कडेने गेले, आणि कोणा माणसाला नखसुद्धा लावले नाही. २०११च्या डिसेंबरात एका वाहनाखाली ते गेले. २०१४ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. माझ्या मते आमच्या मुलखातून गेलेला हा सर्वांत सभ्य प्रवासी. रात्री चालला, आवाज केला नाही, मागे बाटली टाकली नाही. आणि तरीही वर्तमानपत्रे लिहितात ते ‘बिबट्या वस्तीत शिरला’ असेच!

हे सगळे प्राणी पावसाळ्यात दिसत नाहीत. गवत वाढलेले, पाणी जागोजाग, ते कशाला बाहेर येतील? वैशाखात पाणवठे चार-दोन उरतात आणि रान तिथे येते. म्हणूनच वनखाते बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची मोजणी करते, आणि त्यात हौशी नागरिकांनाही घेते. चांदण्यात रात्रभर, बोलायचे नाही, विडी-सिगारेट नाही, मोबाईलचा उजेड नाही. कुटुंबप्रमुखांनी एकदा तरी हा अनुभव घ्यावा. रात्रभर न बोलण्याचा अनुभव त्यांना अन्यथा मिळत नाही.

डोंगर चढणाऱ्या तरुण मंडळींनाही थोडे सांगायचे आहे. ती रिसॉर्टवाल्यांना हसतात, पण पन्नास-पन्नासांच्या झुंडीने सिद्धगडावर जाऊन वाटाड्याला दोनशे रुपये द्यायला कुरकुरतात. त्याच सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याला त्या डोंगरात भाकरी कोणी दिली असेल, याचा विचार वाटाड्याशी घासाघीस करताना एकदा करावा.

राहिले ऊन. ऊन आहे. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर हिंडा. मधले सात तास कुडाच्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून राहा. स्वित्झर्लंडला जाऊन बर्फात काकडणारी मुले इथे घामाने वितळत नाहीत. ती कंटाळतील म्हणता? ठाकरवाडीतल्या पोरांबरोबर त्यांना एक तास मोकळे सोडा, मग हाक मारून परत आणणे कठीण जाईल.

कसाऱ्याची लोकल आसनगावला थांबते; मुरबाडसाठी कल्याणहून एस. टी. आहे. मोटार लागतच नाही. गावात कोणाच्या घरी उतरायचे ते आधी विचारून ठरवा, जेवणाचे पैसे न मागता द्या, आणि पाणी सोबत आणा, कारण वैशाखात यजमानाने दिलेला तांब्या तीन फेऱ्यांतला असतो. मचाणावरच्या जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात. अर्ज वनखात्याकडे आधी करायला हवा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येऊन माझ्या ओळखीने जागा मिळेल असे समजू नका, माझी तिथे ओळख नाही.